वर्कशॉपसाठी घड्याळ: जी-शॉकवर पैसे घालावेत का?

ग्राइंडरवाला: ग्रिल-गेटचं वर्कशॉप आहे. खिशातून मोबाईल काढायला हात रिकामा नसतो, म्हणून घड्याळ लागतंच. तीन वर्षांत दोन संपवली. पहिल्याच्या काचेवर ग्राइंडरच्या ठिणग्या चिकटल्या. बारीक तपकिरी ठिपके, नखाने खरवडून निघत नाहीत. दुसऱ्यावर '३० मीटर वॉटर रेझिस्टंट' लिहिलेलं, तरी पहिल्याच पावसाळ्यात काचेत वाफ धरली. आता एकदाच जी-शॉक, कॅसिओचं ते दणकट घड्याळ, घेऊन मोकळा होतो. कुणाचा विरोध?

पान्हा१२: माझा. कॅसिओचंच एफ-९१डब्ल्यू घे. १९८९ पासून तेच मॉडेल चालू आहे. वजन २१ ग्रॅम, हातात आहे हेही विसरशील. सेल सात वर्षं जातो. काच प्लास्टिकची, चरा पडला की टूथपेस्टने घास. एका जी-शॉकच्या पैशात अशी तीन येतात. ठिणग्या खायला महाग घड्याळ कशाला?

साइटवाली: तीन घ्यायची म्हणजे तीन वेळा दुकानात जायचं! वडिलांनी दिलेलं घड्याळ पडून फुटलं म्हणून कॅसिओचा इंजिनिअर किकुओ इबेने जी-शॉकचा ध्यास घेतला. १० मीटरवरून पडलं तरी चालावं, १० बार म्हणजे १०० मीटर खोल पाण्याइतका दाब सोसावा, सेल १० वर्षं जावा, अशी अट. सुमारे २०० नमुने फुकट गेले, तेव्हा १९८३ मध्ये पहिलं आलं. चौकोनी मॉडेलची काच कडेपेक्षा खोल बसवलेली असते, पालथं पडलं तरी काच वाचते. माझं दुसऱ्या स्लॅबवरून खाली खडीत पडलंय. चालू आहे.

पान्हा१२: तुमचं पडतं, त्याचं भाजतं. दोन वेगळी दुखणी आहेत.

चावी_द्या: सेलची भानगडच नको. जुनं एचएमटी जनता शोधा. सकाळी चावी दिली की दिवसभर बघायला नको.

पान्हा१२: दादा, तो वेल्डिंग करतो. केबलशेजारी हात गेला की आतल्या बारीक हेअरस्प्रिंगला मॅग्नेट लागतं आणि घड्याळ पुढे पळायला लागतं. घड्याळजी मॅग्नेट काढून देईल, पण दर महिन्याला?

चावी_द्या: बरं, जनता रविवारी घाला. पण स्टीलची चेन तरी नको. गाडीच्या बॅटरीच्या टर्मिनलला टेकली की शॉर्ट होऊन मनगट भाजतं. आमच्या इलेक्ट्रिशियनच्या हातावर अजून कड्यासारखा डाग आहे.

साइटवाली: वाफेबद्दल कुणीच बोललं नाही. ३० मीटर म्हणजे हात धुणं आणि पावसाचे शिंतोडे, बस्स. पोहायला निदान ५० हवं. चौकोनी जी-शॉकला २०० आहे. आणि सेल कुठे बदलला होता?

ग्राइंडरवाला: बाजारात, फुटपाथवर. पाच मिनिटांत दिलं.

साइटवाली: मग झालं. झाकणाखालची रबराची रिंग चिमटली असणार, नाहीतर तशीच सुकी बसवली असणार. तिथून पाणी शिरतं. अशा हातात जी-शॉक दिलं तरी हेच होईल.

पान्हा१२: म्हणजे माझंच खरं! सेल संपला की नवंच घ्यायचं. आणि डायल मनगटाच्या आतल्या बाजूला फिरव, ठिणग्या कमी लागतील.

ग्राइंडरवाला: तसं करून पाहिलंय. ग्राइंडर धरला की घड्याळ हँडलला घासतं. उद्या एफ-९१ आणतो. साइटवाली ताई, जी-शॉक दिवाळीनंतर.

साइटवाली: दिवाळीपर्यंत ते टिकलं तर कळव.