जुनी पिकअप, ढासळलेलं ॲव्हरेज : तुम्ही काय केलंत?

आमची 2012 ची डिझेल पिकअप. सावद्याहून केळी भरून भुसावळ, जळगाव, कधी धुळ्यापर्यंत भाडं मारते. पूर्वी लिटरला 12 द्यायची, आता 9 वर आली. मिस्तरी म्हणतो, पंप-नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) उतरवू. पंप उतरवला की खर्चाला तोंड फुटतं, म्हणून आधी विचारतोय. ऐकीव सल्ला नको, स्वतःच्या गाडीवर घडलेलं लिहा.

यावल
भाऊ, मन्ही बी हाईच गत व्हती. उन्हाळ्यात गाडी तापायची म्हणून आधीच्या मालकानं थर्मोस्टॅटच (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारी झडप) काढून टाकलेला. पारा 45 ला गेला की आपल्याकडे हाच इलाज. पण डिसेंबरात पहाटे बागेवर निघालो की टेंपरेचरचा काटा तळातून हलायचाच नाही. इंजिन थंड तर डिझेल नीट जळत नाही, नुसता पांढरा धूर. नवा थर्मोस्टॅट बसवला, रेडिएटर आतून साफ करून घेतला (तापायचं खरं कारण तेच!). 9.5 चे 11 झाले.

पारोळा
आधी सपाटीला न्यूट्रल करून ढकलून बघा. आमची दोघांना हलेना. 20 किलोमीटर चालवून मागच्या चाकांच्या ब्रेक-ड्रमांवर पाणी शिंपडलं. उजवीकडे नुसतं ओघळलं, डावीकडे चर्रर्र! हँडब्रेकची केबल गंजून अडकलेली, लायनर कायम घासत होतं. म्हणजे वर्षभर ब्रेक लावूनच गाडी हाकत होतो. केबल आणि लायनर बदललं, पंपाला हातही लावला नाही.

अमळनेर
गाडी दीर चालवतात, हिशेब माझ्याकडे. वहीत बघितलं तर लांबच्या भाड्याला ॲव्हरेज बरं, मार्केटच्या दिवशी पार खाली. भाऊजींना विचारलं तर म्हणे, "वहिनी, बंद केली तर परत सेल्फ घेत नाही." माल उतरेपर्यंत तासन् तास गाडी चालूच! बॅटरी बदलली. गाडीत बिघाड असा नव्हताच.

धुळे
दोन गोष्टी. मोठ्या साइजचे टायर टाकले असतील तर मीटर कमी किलोमीटर दाखवतं, ॲव्हरेज उगाच पडल्यासारखं वाटतं. आणि लळिंग घाट चढताना काळा धूर, सोबत शिट्टीसारखा आवाज आला तर टर्बोचा (इंजिनात जादा हवा दाबणारा भाग) होज पाईप बघा. आमच्याला बोटभर चीर होती.

चोपडा
टाकी फुल ते टाकी फुल मोजताय ना? 500 च्या डिझेलवर काढलेलं ॲव्हरेज खरं धरू नका. आणि हवा भरताना टायर थंड असायला हवेत.

सावदा (मूळ प्रश्नवाला)
ढकलून बघितली, एका हातानं सरकली. थर्मोस्टॅट जागेवर आहे. मग एअर फिल्टरचा डबा उघडला. फिल्टर धुळीनं काळाकुट्ट, आणि खाली कोपऱ्यात मूठभर कापूस! मागच्या हंगामात शेजारच्यांचा कापूस वाहिला होता, तेव्हा उंदरानं घर केलं असावं. फिल्टर नवा टाकला, टाकी काठोकाठ भरली, ट्रिप मीटर शून्यावर. उद्या धुळ्याचं भाडं आहे.