टॉर्पेडो सिगार ओढायला जड जाते तेव्हा
टॉर्पेडो, म्हणजे तोंडात धरायचं टोक निमुळतं असलेली सिगार, ओढली जात नाही म्हणून काही जण लगेच वाट मोकळी करायला आत सुई खुपसायचा सल्ला देतात. माझ्या मते ती शेवटची पायरी. टोक आधी पुरेसं कापलंय का ते बघा. बहुतेक जण भीतभीत कापतात, मग भोक एवढंसं राहतं आणि डांबरही तिथंच साचतं. न पेटवता दोनेक मिलिमीटर कापा, कोरडाच झुरका घेऊन बघा, जड वाटला तर आणखी थोडं. (कापलेलं परत जोडता येत नाही, अनुभवाचे बोल!) पर्फेक्टो आकाराच्या सिगारचं वेगळं. तिचं पेटवायचं टोकही निमुळतं, त्यामुळे जळत जाड भागापर्यंत पोचली की बरेचदा आपोआप मोकळी होते. तरीही अडलीच तर आतल्या तंबाखूची गाठ चाचपून बोटांनी हलकेच मळा. आणि सिगार ठेवायच्या डब्यातली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असेल तर ६५ वर आणून दोनेक आठवडे ठेवा. ओली पानं फुगून वाट अडवतात.