फोन मेला, मग काय केलंत? अनुभव लिहा

परवा आईचा फोन चालूच होईना. रात्रभर चार्जिंगला लावला, तरी मख्ख. शेवटी भाच्याने लाकडी दातकोरणीने चार्जिंगची खाच हलकेच उकरली, तर आतून कापूस! वाती वळताना फोन कायम मांडीवर. कापूस दाबून दाबून त्याची गादी झाली होती, पिन टेकतच नव्हती. आपल्याकडे खारा वारा, चार महिने पाऊस आणि येऊन-जाऊन असणारी वीज. असे किस्से घरोघरी असणार. येऊ द्या.

तारवावरचा, मालवण
होडीतून उतरताना फोन समुद्रात. लगेच काढला, पुसला, दोन दिवस तांदळात पुरला. कारागिराने उघडला तर बॅटरीच्या कनेक्टरवर हिरवी बुरशी चढल्यासारखं. म्हणाला, "तुम्ही फोनाचा लोणचा घातलास!" पाणी सुकलं तरी मीठ आतच राहतं आणि तांबं खातं. तांदूळ त्याला काय करणार? फोन गेला तो गेलाच.

सुरंगी, श्रीवर्धन
३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर वीज कितीतरी दिवस नव्हती. जुना फोन कपाटात तसाच पडलेला. नंतर चार्जरला लावला, तर बॅटरीचं चिन्हसुद्धा नाही. मी टाकूनच देणार होते, पण लावलेला तसाच विसरले. पाऊण तासाने आपोआप उजळला.

पाना-पेचकस, चिपळूण
माझं दुरुस्तीचं दुकान आहे. ताई, बॅटरी साधारण अडीच-तीन व्होल्टच्या खाली गेली की तिचं संरक्षक सर्किट तिचा फोनशी संबंध तोडून टाकतं. चार्जर हळूहळू थोडा करंट देत राहतो, म्हणून धीर धरायचा.

गिऱ्हाईक आलं की आधी मी त्याच्या नंबरवर फोन करतो. रिंग वाजली तर फोन जिवंत, डिस्प्ले मेला. नाही वाजली तर बॅटरी काढून बोर्ड, म्हणजे आतली मुख्य सर्किटची पाटी, डीसी सप्लायला लावतो; बॅटरीऐवजी वीज देणारं आणि किती करंट जातोय ते दाखवणारं यंत्र ते. बटण न दाबताच मीटर चढला तर मेन लाइन शॉर्ट, म्हणजे वीज मधेच भलत्या वाटेने वाहून जातेय. बटण दाबूनही हलला नाही तर आधी बटणाची पट्टी, मग पॉवर आयसी, म्हणजे बोर्डाला वीज वाटून देणारी चिप, तपासायची. शॉर्ट शोधायला बोर्डावर राळेचा धूर सोडायचा, पांढरा थर बसतो. मग कमी व्होल्टेज द्यायचं. खसखशीच्या दाण्याएवढा एखादा कपॅसिटर तापतो आणि नेमका तिथलाच थर वितळतो. हे बघायला मला अजून मजा येते. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिखल भरलेले फोन आले, तेव्हा आधी धुलाईच करावी लागली, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने.

तारवावरच्या दादांनू, पुढच्या वेळी फोन बंद करा, चार्जरला लावू नका आणि त्याच दिवशी घेऊन या.

काजूबोंड, गुहागर
एका दुकानात "बोर्ड गेला, साडेपाच हजार" ऐकून घरी आलो. मुलीने पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण वीसेक सेकंद एकत्र दाबून धरलं. झाला चालू! दुकानदाराला अजून तोंड दाखवलेलं नाही, म्हणजे त्याने मला.

पाना-पेचकस, चिपळूण
आमच्या धंद्यात असलेही आहेत, काय बोलणार. एक राहिलं: पाठ फुगलेली असेल तर बटणं दाबत बसू नका, चार्जिंगही नको. बॅटरी फुगलीय ती. टोचली तर पेटते.

धागाकर्ती
सगळं आईला वाचून दाखवलं. वाती वळायची जागा काही बदलणार नाही म्हणाली. फोनला मात्र टोपडं शिवलंय.