सामुदायिक रेडिओ: चौकाचा आवाज आणि पुस्तकाचं वाचन एकाच भागात कसं बसवायचं?

प्रश्न: पुण्याच्या पेठा आणि पुस्तकं यांवर २८ मिनिटांचा भाग करतोय. अप्पा बळवंत चौकातलं बोलणं रिक्षांच्या गोंगाटात बुडतं, वाचनात 'फ', 'भ' आले की माइकमध्ये धप्प असा आवाज येतो. शिवाय पुस्तकातला उतारा किती वाचता येतो?

उत्तर १: माइक बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर हवा, आणि तुमची पाठ रस्त्याकडे नको, दुकानाकडे, समोरच्याचं शरीर रिक्षांचा आवाज अडवतं. रेकॉर्डरवर आवाजाच्या पातळीची टोकं उणे १२ डेसिबलपर्यंत ठेवा. वाऱ्याला नुसता फोम पुरत नाही, केसाळ कव्हर लावा. निघण्याआधी कुणी न बोलता दोन मिनिटं नुसता चौक मुद्रित करा. संकलनात सांधे यानेच झाकतात. नाहीतर दर कापाला हॉर्न अर्ध्यात तुटतो, ते फार खटकतं.

उत्तर २: 'फ', 'भ'सारख्या महाप्राणांची हवा सरळ माइकवर येते. माइक ओठांच्या कोपऱ्याकडे तिरका ठेवा, ८० हर्ट्झखालचा खोल आवाज कापा. मिनिटाला ११०–१२० शब्द धरले तर चार मिनिटांत साधारण ४५० शब्द बसतात.

उत्तर ३: भारतात पुस्तकाचा हक्क (कॉपीराइट) लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. १९६० साली गेलेल्या लेखकाचं साहित्य १ जानेवारी २०२१पासून खुलं. मात्र अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा मोजा, हे हमखास राहून जातं. हयात लेखकाचा सलग उतारा वाचायचा तर लेखी परवानगी घ्याच. परीक्षणात चार ओळी उद्धृत करायला हरकत नाही.