बी विंग – फक्त महत्त्वाचे मेसेज

वैशाली ७०४ (सकाळी ८.०५): गुड मॉर्निंग सर्वांना. कुणाचं नाव घेत नाहीये, पण काल संध्याकाळी लिफ्टमध्ये मांजराचा पिंजरा होता आणि आज आर्याच्या घोट्याभोवती लाल फोड उठलेत. रात्रभर झोपली नाही पोर. ज्यांचं आहे त्यांनी समजून घ्यावं 🙏

स्मिता ६०४: वैशालीताई, बी विंगमध्ये मांजर पाळलेलं घर एकच आहे. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

शिर्के १०१: खालच्या दारातले काथ्याचे पायपुसणे एप्रिलपासून बदललेले नाही. पावसात कुजले आहे. कमिटीने लक्ष द्यावे.

स्मिता ६०४: बुंदीला काल डॉक्टरकडे नेलं होतं. चार महिने झाले. खाजवून खाजवून मानेवर खपल्या आल्यात, पोटावरचे केस चाटून चाटून साफ. इंजेक्शन दिलं की पंधरा-वीस दिवस बरं, मग पुन्हा तेच. रात्री दोनला तिचं खरखर खाजवणं ऐकत पडलेली असते मी. आर्या एक रात्र झोपली नाही, मी मे महिन्यापासून झोपलेली नाही.

राणे काकू २०३: आमच्या गावाक मांजरां पडवेर निजतत. खाज नाय नि डॉक्टर नाय. हंयसरच सगळे आजार.

खरे ४०२: काकू, घोडबंदरला राहायला आलं की मांजरालाही ट्रॅफिकची ॲलर्जी होते 😄

वैशाली ७०४: विषय चेष्टेचा नाहीये खरे.

खरे ४०२: सॉरी. स्मिता, एकदा परळला बैलघोडा हॉस्पिटलात नेऊन बघ ना.

स्मिता ६०४: मानपाड्याच्या सिग्नलपर्यंतच ओरडून घर डोक्यावर घेते. परळपर्यंत ती ओरडणार आणि टॅक्सीवाला वेगळा ओरडणार.

कुलकर्णी ५०३: खोबरेल तेलात भीमसेनी कापूर विरघळवून लावावा. आमच्या आत्याच्या गाईला दोन दिवसांत उतार पडला होता.

ऋचा ३०२: काका प्लीज नको. मांजराच्या अंगाला लावलेलं सगळं चाटून तिच्या पोटात जातं. कापूर तिच्यासाठी विष आहे. कडुलिंबाचं तेल, टी ट्री ऑइल, काहीच नको.

कुलकर्णी ५०३: आयुर्वेद हजारो वर्षं जुना आहे, ऋचा.

ऋचा ३०२: मांजराचं लिव्हर त्याहून जुनं आहे काका.

वैशाली ७०४: डॉ. बर्वे, तुम्ही जरा सांगता का, फोटो पाठवलाय पर्सनलवर.

डॉ. बर्वे ५०१: मी दातांचा डॉक्टर आहे, हे दर गणपतीत सांगतो. पण तीन-चार फोड घोट्यापाशीच, एका ओळीत असतील तर पिसवा वाटतात. गोल चट्टा, कडेने लाल असेल तर गजकर्ण. तेही मांजराकडून माणसाला येऊ शकतं. स्किनवाल्यांना दाखवा, मला नको.

वैशाली ७०४: तीन आहेत. एका ओळीत. म्हणजे मांजरच ना?

स्मिता ६०४: बुंदीला पिसवा नाहीत. तीन डॉक्टरांनी बघून सांगितलंय. डॉक्टरकडे जाणं सोडलं तर तीन वर्षांत तिने उंबरा ओलांडलेला नाही. माझा संशय काळ्या फिनाईलवर आहे. जूनपासून पॅसेजमध्ये तेच मारतात, वास दाराखालून आत येतो. त्यातलं फिनॉल मांजरांना पचत नाही, हे मी कमिटीला लेखी दिलं होतं. अजून उत्तर नाही.

करंदीकर सेक्रेटरी: स्मिता मॅडम, आपला अर्ज मिळाला आहे. पुढील मीटिंगच्या विषयपत्रिकेत घेतला आहे. फिनाईल नेहमीच्याच दुकानातले आहे, बिल ऑफिसात बघायला मिळेल. त्यावरून आठवले, ११ फ्लॅटची गणपतीची वर्गणी अद्याप आलेली नाही. कृपया सहकार्य करावे.

खरे ४०२: आली वर्गणी!

वैशाली ७०४: वर्गणी आम्ही पहिल्या दिवशी दिली आहे. बोलायला लावू नका, मागच्या वर्षीच्या मखराचा हिशोब अजून लागलेला नाही.

करंदीकर सेक्रेटरी: तो हिशोब बोर्डावर लावला होता, मॅडम.

वैशाली ७०४: हो, लिफ्टमागे. जिथे कुणी जात नाही.

शिर्के १०१: पायपुसण्याबाबत सकाळी लिहिले होते. कुणी वाचलेले दिसत नाही.

ऋचा ३०२: स्मिताताई, रागावू नकोस. पण पिसवा दिसल्या नाहीत म्हणजे नाहीत असं नसतं. मांजर इतकी चाटत असते की सापडतील तेवढ्या गिळून टाकते, डॉक्टरला काही मिळतच नाही. आणि ही ॲलर्जी पिसवांच्या लाळेची असते, दोन-चार चावेसुद्धा पुरतात. मानेवर आणि शेपटीच्या वर मोहरीएवढ्या बारीक खपल्या हाताला लागतात का?

स्मिता ६०४: मानेवर लागतात. पाठीवर पण आता बघितल्या.

ऋचा ३०२: मग उवांची फणी घे. शेपटीच्या मुळाशी दाबून फिरव. काळे कण निघतील ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाक. साधी धूळ असेल तर काळीच राहील. भोवती लालसर डाग पसरला तर ती पिसवांची शी. म्हणजे पचलेलं रक्त.

खरे ४०२: ऋचा, आम्ही जेवतोय.

राणे काकू २०३: माझ्याकडे उवांची फणी आसा. येवन घेवन जा गो.

खरे ४०२: फणी कशाला? आमच्या ब्रूनोचे मानेवर टाकायचे थेंब उरलेत. तो २८ किलोचा, बुंदीला अर्धी ट्यूब बास.

स्मिता ६०४: देता का? मी येते खाली.

ऋचा ३०२: नाही नाही नाही!! कुत्र्यांच्या बऱ्याच थेंबांत पर्मेथ्रिन असतं. मांजराला त्याने झटके येतात, जीव जातो. अर्धी ट्यूब काय, थेंबभर पण नको. मांजराचंच औषध, तिच्या वजनाप्रमाणे, डॉक्टरला विचारून.

खरे ४०२: खोका बघितला. मांजराच्या चित्रावर फुली आहे. चष्मा नव्हता.

वैशाली ७०४: म्हणजे ब्रूनोला पण पिसवा होत्या तर.

खरे ४०२: होऊ नयेत म्हणून टाकतो, मॅडम. दर महिन्याला. बिलं आहेत.

करंदीकर सेक्रेटरी: सर्व सभासदांना विनंती, ग्रुप फक्त महत्त्वाच्या मेसेजसाठी आहे.

कुलकर्णी ५०३: टँकर आला का?

स्मिता ६०४ (सायंकाळी ७.४०): 📷 फोटो
लाल आलं.

वैशाली ७०४: *हा मेसेज डिलीट केला गेला*

स्मिता ६०४: वाचला मी ताई. तुमचं बरोबर होतं, चुकलं माझं. पण बुंदी काही लिफ्टने खाली जाऊन पिसवा घेऊन आली नाही. कुणाच्या तरी पायाला, पिशवीला लागून वर आल्या असणार.

शिर्के १०१: पायपुसणे.

डॉ. बर्वे ५०१: शिर्के, या वेळी तुमच्या पायपुसण्यात तथ्य आहे. ती खालची भटकी मांजरी, लाली, हल्ली कुठे झोपते?

ऋचा ३०२: जिन्याखाली. पिल्लं झालीत तिला. पंधरा दिवस झाले. फरशी ओली असायची म्हणून पायपुसणं रात्री मीच तिकडे सरकवते, सकाळी कॉलेजला जाताना परत दारात ठेवते.

शिर्के १०१: तू?

ऋचा ३०२: सॉरी काका.

वैशाली ७०४: म्हणजे आख्खी बिल्डिंग त्या पायपुसण्याला पाय पुसून वर जातेय! आजच्या आज हाकला त्या मांजरीला.

ऋचा ३०२: ताई, लाली गेली तरी अंडी इथेच राहणार. मग चावायला माणसंच उरतील. मी तिला उद्या डॉक्टरकडे नेते, पाजणाऱ्या मांजरीला चालणारं औषध विचारते. पिल्लं लहान आहेत, त्यांना बहुतेक थेंब चालत नाहीत, त्यांना फणीच करावी लागेल. दूध सुटलं की लालीचं ऑपरेशन. पैसे माझे.

राणे काकू २०३: फणी आता तुझ्याकडेच ठेय. माका परत नको.

स्मिता ६०४: डॉक्टरशी फोनवर बोलले, तेही ओशाळले जरा. म्हणाले, मोठ्या पिसवा म्हणजे शंभरातल्या पाच. बाकीचं सगळं अंडी, अळ्या आणि कोश, गादीत, सोफ्याच्या फटीत. कोश महिनोन्महिने तसाच पडून राहतो, माणूस चालल्याची थरथर लागली की आतून पिसू बाहेर. म्हणून एकदा औषध टाकून भागत नाही, किमान तीन महिने न चुकता. चादरी गरम पाण्यात, रोज व्हॅक्यूम. आतापर्यंतच्या इंजेक्शनने खाज दबत होती, कारण तसंच राहत होतं.

डॉ. बर्वे ५०१: आणि एवढं करूनही खाजली तर?

स्मिता ६०४: मग खाण्याची ॲलर्जी बघायची. पूर्वी कधी न खाल्लेलं एकच काहीतरी, आठ आठवडे, मध्ये एक घाससुद्धा दुसरा नाही. रक्ताच्या टेस्टवर त्यात भरवसा ठेवता येत नाही म्हणाले. तेही नाही निघालं तर मग धूळ आणि बुरशी. आमच्या सासूबाई तिला रोज सुके बोंबील देतात, तेव्हा ते बंद झाले तर घरात मोठं युद्ध आहे.

राणे काकू २०३: बोंबील बंद? मग ता खातला काय?

वैशाली ७०४: आर्याला क्रीम दिलंय, बरी आहे. सारखी विचारतेय बुंदीला टोपी घातली का. गळ्यातल्या त्या प्लास्टिकबद्दल म्हणतेय. पण पेस्ट कंट्रोलचा खर्च प्राणी पाळणाऱ्यांनीच करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

खरे ४०२: पायपुसणं सोसायटीचं आहे मॅडम.

करंदीकर सेक्रेटरी: जिना व लॉबीचे पेस्ट कंट्रोल रविवारी सकाळी १० वाजता. खर्च सोसायटीचा. फ्लॅटच्या आतला ज्याचा त्याचा. फिनाईल तूर्त थांबवले आहे, साबणाचे पाणी वापरतील.

स्मिता ६०४: थँक्यू सर. आमच्या घरात शनिवारी करतोय, फवारणी पूर्ण सुकेपर्यंत बुंदी माहेरी. बर्वे सर, त्या औषधाने मासेही मरतात. रविवारी तुमची माशांची टाकी झाकून एअर पंप बंद ठेवा.

ऋचा ३०२: शनिवारी रात्रीच मी लाली आणि पिल्लांचा खोका आमच्या बाल्कनीत हलवते. दोन दिवस फक्त. आईला अजून सांगितलेलं नाही.

ऋचाची आई ३०२: आई या ग्रुपवर आहे.

करंदीकर सेक्रेटरी (दुसऱ्या दिवशी, सकाळी ७.१५): कळविण्यास आनंद होतो की वॉचमनने सदर पायपुसणे पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत दिले आहे. हा विषय येथे संपला.

शिर्के १०१: मी टाका म्हटले नव्हते. बदला म्हटले होते. आता चिखल सरळ लिफ्टमध्ये जातो आहे.