अंगणवाडीला राखेच्या विटा लावायच्या आहेत, अंदाजपत्रक कसं बदलून घ्यावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीची सदस्य आहे. गावात अंगणवाडीच्या दोन खोल्या मंजूर झाल्यात. अंदाजपत्रकात नेहमीसारखी भट्टीची लाल वीट धरलीय.

परळीचं औष्णिक वीज केंद्र आमच्यापासून पस्तीसेक किलोमीटरवर आहे. तिकडे राखेचे ढीग पडलेत आणि इकडे विटांसाठी वावरातली वरची माती विकली जाते. आमच्या शेजारच्यांनी दोन वर्षांपूर्वी माती दिली. वावर बांधापासून हातभर खाली गेलंय, कापूस गुडघ्याच्या वर येत नाही. लेकरांच्या शाळेसाठी पुन्हा तीच माती जाळावी, हे मनाला पटत नाही. राखेच्या विटेला भट्टी लागत नाही. राख, दगडाची कच आणि सिमेंट किंवा चुना मशीनवर दाबतात आणि पाणी मारून पिकवतात.

राख वापरण्याची केंद्र सरकारची पहिली अधिसूचना १९९९ मध्येच निघाली. तेव्हा वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतली अट होती, २०१६ पासून ती ३०० झाली. दर लाल विटेपेक्षा जास्त नसेल तर सरकारी बांधकामांनी राखेच्या विटा वापरायच्या, असं २०२१ च्या अधिसूचनेत आहे. मी ती छापून नेली होती. अभियंता साहेब म्हणाले, "ताई, मान्यता लाल विटेला आहे. उद्या भिंतीला तडा गेला तर उत्तर कोण देणार?"

त्यांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. शेजारच्या गावात एका घराच्या प्लास्टरला जाळीसारखे तडे गेलेत. विटा पुरत्या पिकायच्या आधीच लावल्या, असं गवंडी सांगतात. म्हणूनच आधी विचारतेय.

तांत्रिक मान्यता झाल्यावर विटेचा प्रकार कुणी बदलून घेतलाय का? सुधारित अंदाजपत्रक लागतं, की उपअभियंत्यांच्या पत्रावर भागतं? ग्रामसभेचा ठराव झालाय, पण त्यात फक्त "पर्यावरणपूरक विटा" असं लिहिलंय. आयएस १२८९४ (राख-चुन्याच्या विटांचं भारतीय मानक) किंवा आयएस १६७२० (राख-सिमेंटच्या विटांचं) चा उल्लेख घालून तो पुन्हा करावा का?

विटा तपासायला कुठे दिल्या, किती दिल्या, तेही सांगा. लावण्याआधी किती दिवस पाणी मारलेली वीट घ्यावी आणि प्लास्टरला सिमेंटचं प्रमाण काय ठेवलंत, हे एखाद्या गवंडीदादांनी सांगितलं तर फार उपकार होतील.

निविदा पुढच्या महिन्यात निघणार आहे. कुणाकडे अशा ठरावाची नक्कल असेल तर नावं झाकून इथे टाका.