लेकरांचे दात किडू नयेत म्हणून तुम्ही काय करता? (नागपूर, कमी खर्चात)

शिलाईवाली
नमस्कार. आम्ही मानेवाड्याला राहतो. मुलगा साडेसहाचा, मुलगी तीनची, आणि सासूबाई. मागच्या आठवड्यात मुलगा रात्री दोन वाजता गाल धरून रडत उठला. सासूबाईंनी लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला, कशीबशी रात्र काढली. सकाळी जवळच्या दवाखान्यात नेलं तर चार दाढा किडलेल्या. दोन रूट कॅनाल, दोन भरायच्या, वरून कॅप, असा मिळून साडेचौदा हजारांचा अंदाज दिला. नवरा बुटीबोरीला कंपनीत आहे, मी घरी ब्लाऊज शिवते. हा आकडा ऐकून मीच खुर्चीवर बसले.

आता जे झालं ते झालं, त्याचं काहीतरी करूच. पण मुलीचे दात अजून चांगले आहेत. तिच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून काय करू? आणि मुलाचं काम स्वस्तात पण नीट कुठे होईल? आम्ही रोज सकाळी घासतो हो दात, तरी असं काहून झालं हेच कळत नाही.

संत्राबर्फी
आधी पैसे भरू नका. मेडिकल चौकातलं शासकीय दंत महाविद्यालय, म्हणजे मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातलं डेंटल, तिथे दाखवा. तुमच्याकडून तुकडोजी पुतळ्यावरून सरळ रस्ता आहे. केस पेपर काढताना लहान मुलांचा विभाग विचारा, तो वेगळा असतो. माझ्या पुतण्याचं तिथेच झालं.

मात्र एक गोष्ट आधीच सांगते. तिथे शिकणारे डॉक्टर काम करतात आणि प्रत्येक टप्प्यावर वरिष्ठांना दाखवून पुढे जातात. काम चांगलं होतं, पण वेळ खातं. एका दाढेसाठी आम्ही चार चकरा मारल्या. ज्याची रोजी बुडते त्याने हा हिशोबही धरावा, नाहीतर 'स्वस्त' म्हणता म्हणता चार दिवसांचा पगार जातो. सकाळी लवकर जा. पोराच्या दोन तपासण्या एकाच दिवशी बसतात का ते विचारा, कधीकधी बसतात.

हिंगणा रोडला, डिगडोह आणि वानाडोंगरीकडे, खाजगी दंत महाविद्यालयंही आहेत. पूर्व नागपुरातून जाणाऱ्यांना मेट्रोने लोकमान्य नगरला उतरून पुढे ऑटो सोपा पडतो.

पोहेवाला_भाऊ
ताई, साडेसहाचं पोट्टं म्हणजे दुधाच्याच दाढा असतील न? त्या पडणारच हायेत. काढून टाका सरळ. पडणाऱ्या दातावर कोण एवढा पैसा लावते बाप्पा! आमच्या टायमाले कोणी डॉक्टरचं तोंडही पाहत नव्हतं.

दंतकथा
(मी दातांचा डॉक्टर आहे, नागपुरातच. दवाखान्याची जाहिरात करणार नाही, म्हणून नाव विचारू नका.)

भाऊंचं म्हणणं रोज ऐकतो, म्हणून आधी तेच घेतो. पुढचे दुधाचे दात सहा-सात वर्षांत पडतात हे खरं. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे या मुलाला त्यांच्यावर अजून चार-पाच वर्षं जेवायचं आहे. शिवाय त्या पक्क्या दातांसाठी जागा धरून बसलेल्या असतात. आधीच काढल्या तर मागची दाढ पुढे सरकते, खालून येणाऱ्या दाताला जागा उरत नाही आणि तो वाकडा येतो. मग तारा लावायचा खर्च. कधीकधी काढावीच लागते, तेव्हा जागा राखणारी पट्टी बसवतात. पण 'पडणारच आहे' हे कारण धरून काढू नका.

आता ताईंचा खरा प्रश्न. रोज घासूनही का किडले? तीन गोष्टी विचारतो, मनातल्या मनात उत्तर द्या. रात्री घासता का? पेस्टमध्ये फ्लोराइड आहे का? आणि मुलगा दिवसातून किती वेळा गोड किंवा चिकट खातो?

दातावरच्या थरात जंतू असतात. साखर मिळाली की ते आम्ल तयार करतात. तोंडाची आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली, म्हणजे पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली आला, की दातातलं खनिज विरघळू लागतं. लाळ ते हळूहळू पूर्ववत करते, त्याला अर्धा तास तरी जातो. म्हणून पाव किलो जिलेबी जेवणासोबत एकदाच खाणारा परवडला. चार वाजता चहा-बिस्कीट, पाचला चॉकलेट, सहाला कुरमुऱ्याचा लाडू, सातला पुन्हा बिस्कीट असा चरत राहणारा नाही. त्या दुसऱ्याच्या लाळेला सावरायला सवडच मिळत नाही. झोपेत लाळ आणखी कमी होते. म्हणून रात्रीचा ब्रश सकाळच्यापेक्षा मोलाचा, आणि आपल्याकडे नेमका तोच होत नाही.

फ्लोराइड ते विरघळलेलं खनिज परत बसवायला मदत करतं. कीड थांबवायला घरात यापेक्षा स्वस्त साधन नाही. ट्यूब उलटी करून वाचा. सोडियम फ्लोराइड किंवा सोडियम मोनोफ्लुओरोफॉस्फेट असं लिहिलेलं असतं, पुढे पीपीएमचा, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग फ्लोराइड, तो आकडा. भारतात नियमाने पेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा जास्त फ्लोराइड चालत नाही आणि आकडा छापावा लागतो. १००० च्या जवळचा आकडा शोधा. दहा-वीस रुपयांच्या साध्या ट्यूबमध्येही तो सापडतो. महाग पेस्टमध्ये जास्तीचा पैसा बहुतेक चवीचा आणि खोक्याचा असतो.

किती घ्यायची? तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाट दाखवतात ती विसरा, अशाने एक ट्यूब तिप्पट दिवस जाईल. घासून झाल्यावर थुंकायचं, पण खळखळून चुळा भरायच्या नाहीत. पाच चुळा भरल्या की फ्लोराइड मोरीत जातं, दातावर राहत नाही.

आणि हो, लवंगेचं तेल लहान मुलाच्या हिरडीवर निव्वळ ठेवू नका, भाजतं. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या आणि सकाळी दाखवा. गालावर सूज किंवा ताप असेल तर सकाळचीही वाट पाहू नका.

निंबोळी
सगळं केमिकलच का सांगता डॉक्टर? माझे आजोबा ऐंशीव्या वर्षी ऊस सोलून खायचे, दातांना फक्त कडुनिंबाची काडी. कडुनिंब फुकट आहे, नागपुरात गल्लोगल्ली आहे.

दंतकथा
निंबोळीताई, काडीने थर निघतो, वाईट नाही. पण तिच्यात फ्लोराइड नसतं आणि साडेसहा वर्षांच्या मुलाला ती मागच्या दाढेच्या आतल्या बाजूला फिरवता येत नाही. तुमच्या आजोबांच्या लहानपणी पाच रुपयांचा बिस्किटपुडा कुठे मिळत होता? श्रेय काडीला द्या, पण थोडं त्या काळच्या जेवणालाही द्या. मीठ-तेल आणि कोळशाची पूड मात्र नको, दात झिजतात.

दोन_मुलींची_आई
मी डॉक्टर नाही, पण मोठीच्या वेळी दातांवर एवढा खर्च झाला की धाकटीच्या वेळी शिस्तच लावली. आमच्या घरी आता असं चालतं.

रात्री जेवण झालं की ती आधी स्वतः घासते, मग मी. मांडीवर डोकं घेऊन आडवं झोपवायचं, मोबाइलचा टॉर्च लावायचा, म्हणजे मागपर्यंत दिसतं. रडली तर रडू दे, दोन मिनिटांचा प्रश्न आहे. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचे हात नीट चालत नाहीत, ज्याला स्वतःच्या शर्टाची वरची गुंडी लावता येत नाही त्याच्यावर दाढा कशा सोडायच्या? ब्रश झाल्यावर पाणी सोडून काही नाही. दूधसुद्धा नाही. दूध ब्रशच्या आधी.

सगळ्यात जास्त कशाने फसले ते सांगू? खोकल्याच्या औषधाने. हिवाळ्यात धाकटीला रात्री झोपताना गोड सिरप द्यायचे आणि तशीच झोपवायचे. साखरपाणीच की ते! आता औषध आधी, ब्रश नंतर.

डब्यात बिस्किटांऐवजी फुटाणे, शेंगदाणे, काकडी, मुरमुरे. गोड पूर्ण बंद केलं नाही, जमतही नाही. बाप ऑफिसातून येताना संत्रा बर्फी आणतो, ती जेवणाबरोबर एकदाच संपवायची.

ब्रश मऊ केसांचा, लहान डोक्याचा. तीन महिन्यांनी किंवा केस फाकले की बदलायचा. सप्टेंबर २०२५ पासून पेस्ट आणि ब्रशवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झालाय, दुकानदाराने जुन्या भावात लावली तर विचारा.

पांढरकवडा
डॉक्टर, एक शंका. आमच्या यवतमाळ-चंद्रपूर पट्ट्यात काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. माझ्या मामाच्या गावी पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग आहेत. मग तुम्ही पेस्टमध्येही फ्लोराइड घ्या म्हणता, उलटं नाही होणार?

दंतकथा
शंका रास्त आहे, आणि उत्तर गावाप्रमाणे बदलतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलीग्रॅमपर्यंत फ्लोराइड चांगलं, जास्तीत जास्त १.५ पर्यंत चालतं. त्यापुढे दात घडण्याच्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, ते पाणी रोज पोटात गेलं की डाग पडतात. तिथे दोष गिळलेल्या पाण्याचा. वाटाण्याएवढी पेस्ट लावून थुंकणं ही वेगळी गोष्ट.

नागपूर शहराला पेंच आणि कन्हानचं पाणी येतं, आणि नदी-धरणाच्या पाण्यात फ्लोराइड सहसा कमीच असतं. त्यामुळे ताईंनी घाबरू नये. पण ज्यांच्या घरी बोअरचंच पाणी पितात त्यांनी एकदा तपासून घ्यावं. जिल्ह्यात भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा असते, ग्रामपंचायतीमार्फत नमुना पाठवता येतो. उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं आणि ते आणखी दाट होतं. आरओने जातं. डाग असलेल्या गावातल्या मुलांची पेस्ट कोणती, ते तिथल्या डॉक्टरला पाण्याचा आकडा दाखवूनच ठरवा.

आजोबा_सक्करदरा
माझं वय ६८. नातवाचं दात घासणं मीच बघतो. घरात मोठी माणसं खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) चघळत बसली आणि पोराला म्हणाली दात घास, तर ते ऐकेल का? मी खर्रा सोडला तो त्याच्याचमुळे, एकदा माझीच पुडी तोंडात घालत होता. काही घरांतल्या बाया अजून तंबाखूचं मंजन लावतात. पेस्ट-मंजनात तंबाखू घालण्यावर १९९२ पासूनच बंदी आहे, तरी मिळतं कुठे कुठे. सासूबाई लावत असतील तर तेही बघा, ताई.

संत्राबर्फी
डॉक्टर, माझ्या पुतण्याच्या पक्क्या दाढांवर डेंटलला काहीतरी पातळसं लावून निळा दिवा धरला होता. ते काय? आणि शेजारच्या बाळाचे पुढचे दात औषध लावून काळे केलेत, ते बघून तिची आजी डॉक्टरला शिव्या देऊन राहिली आहे.

दंतकथा
पहिलं म्हणजे सीलंट. दाढेच्या खाचा इतक्या बारीक असतात की ब्रशचा केस आत जात नाही. त्या खाचा बंद करून टाकतात. सुई नाही, दुखत नाही, आणि पुढच्या रूट कॅनालच्या मानाने खर्च किरकोळ. सहाव्या वर्षाच्या आसपास पहिली पक्की दाढ येते, सगळ्यात मागे, कोणताही दुधाचा दात न पडता. म्हणून आईबाप तिला दुधाचीच समजतात आणि ती वर्षभरात किडते. ताई, तुमच्या मुलाच्या तोंडात ती आली असणार. आजच टॉर्च लावून बघा.

दुसरं म्हणजे एसडीएफ, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. किडलेल्या जागी थेंबभर लावलं की कीड बहुतेक वेळा तिथेच थांबते, जागा मात्र काळी पडते. खुर्चीत न बसणाऱ्या लहान बाळासाठी फार उपयोगी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडयुक्त पेस्टबरोबर हेही आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. आजीला सांगा, काळा पडला म्हणजे औषध लागू पडलं.

शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी होते, तिच्यात दातही बघतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि चिठ्ठी दिली तर दप्तरातच राहू देऊ नका.

पोहेवाला_भाऊ
हाव न, दाढ काढायचं मागे घेतो. पोट्ट्याच्या तोंडात टॉर्च मारून पाहिली. मागे दोन काळे टिपके दिसून राहिले. उद्या मीच डेंटलला.

शिलाईवाली
सगळ्यांचे आभार. धागा वाचून आधी घरातल्या ट्यूब बघितल्या. आम्ही वापरतो त्या हर्बल पेस्टवर फ्लोराइडचं नाव नाही. मुलांची स्ट्रॉबेरीवाली होती, तिच्यावर आकडा १००० च्या निम्म्याहून कमी, आणि किंमत दुप्पट. म्हणजे दोन वर्षं मी जास्त पैसे देऊन कमी औषध आणत होते. रात्रीचा ब्रश नव्हताच. मुलगा संध्याकाळी माझ्या मशीनजवळ बसून बिस्किटं खात राहतो, कारण त्याने तो गप्प राहतो. ते माझंच चुकलं.

काल डेंटलला जाऊन आलो. चारपैकी एकाच दाढेचं रूट कॅनाल लागेल म्हणाले, तीन सिमेंटने भरता येतील. एक काल भरली. खालच्या दोन्ही पक्क्या दाढा आल्या आहेत, मला खरंच दुधाच्या वाटल्या होत्या. त्यांना सीलंट लावणार आहेत. मुलीला फ्लोराइडचं वार्निश, म्हणजे दातांवर लेप, लावलं, घरी येईपर्यंत ती जीभ फिरवत बसली होती. आतापर्यंत सगळ्यात जास्त पैसे ऑटोला गेलेत.

सासूबाईंना आजोबांचा निरोप वाचून दाखवला. काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी मंजनाची डबी फळीवर दिसली नाही.

पुढची तारीख गुरुवारची आहे, सकाळी आठला निघू. मानेवाडा, ओंकार नगर, अयोध्या नगरकडून कुणी लेकराला घेऊन येत असेल तर सांगा, एकाच ऑटोत जाऊ.